शाळा आमची, भाषा कोणाची?

गेल्या काही वर्षांत आमच्या मेजावर शालेय स्मरणिकांचा ढीग साठला आहे. कुठे सुवर्णमहोत्सव, कुठे अमृतमहोत्सव, कुठे शताब्दी. ह्या स्मरणिकांची मांडणी वाचकांच्या परिचयाची आहे. आरंभी महागुरुस्वामींचा आशीर्वाद, मग व्यवस्थापक फादरांचे मनोगत, मुख्याध्यापिका सिस्टरांचा अहवाल, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि शेवटी जाहिराती. आठवणींच्या पानांवर कोणी निवृत्त गुरुजी लिहितात की, शाळा सुरू झाली तेव्हा इमारत नव्हती, चर्चच्या ओसरीवर वर्ग भरत. कोणी आजीबाई सांगतात की, मुलींना शाळेत घालावे म्हणून सिस्टर वाडीवाडीतून फिरत आणि केळीच्या आळ्यात काम करणाऱ्या आईबापांची मनधरणी करीत. हे सारे मराठीत लिहिलेले असते, कारण ती शाळा मराठी होती. आणि त्याच स्मरणिकेत, अहवालाच्या एखाद्या कोपऱ्यात, विद्यार्थिसंख्येअभावी मराठी माध्यमाचा पहिलीचा वर्ग बंद करावा लागला, अशा अर्थाची एक ओळ असते. तिच्याखाली खेद नसतो आणि खुलासाही नसतो. पुढच्या ओळीपासून नव्या इंग्रजी विभागाच्या इमारतीचे वर्णन सुरू होते.

आमचा वाद त्या एका ओळीशी आहे.

हा वाद इंग्रजीशी नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. इंग्रजी यावी, उत्तम यावी, ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा प्रश्न असा आहे : धर्मग्रामाच्या पैशांनी, धर्मग्रामाच्या जमिनीवर, धर्मग्रामाच्या लेकरांसाठी उभ्या राहिलेल्या शाळेतून त्या धर्मग्रामाची भाषा हद्दपार करण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि असा निर्णय झाला तेव्हा आपण प्रापंचिक कोठे होतो?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. वसईत १५३४ साली पोर्तुगीजांची सत्ता आली आणि त्याच शतकात जेझुइटांनी किल्ल्यात विद्यालय उभारले. त्याचे भग्न अवशेष आजही तेथे उभे आहेत. वसईचाच सुपुत्र गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि त्यांच्याबरोबर जपानला गेला. पुढे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्याला संतपद दिले. आपण दरवर्षी त्याचा सण साजरा करतो, परंतु एक गोष्ट क्वचितच सांगतो. गोन्सालो मिशनकार्यात इतका मोलाचा ठरला, कारण त्याने जपानी लोकांची भाषा आत्मसात केली होती. स्पेनहून आलेल्या धर्मगुरूंना जपानी येत नव्हती, तेव्हा वसईचा हा बंधू त्यांचा दुभाषी झाला. ज्या संताच्या नावाने आपण संस्था चालवतो, त्याने लोकांना त्यांच्याच भाषेत सुवार्ता सांगितली.

दुसरे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे. १५७९ साली हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली तेथेच निवर्तला. त्याची मातृभाषा इंग्रजी होती. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती, उपासनेची लॅटिन होती. त्याने तारणाचा इतिहास सांगायला निवडली ती मराठी, आणि छंद निवडला तो ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवीछंद. सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले ते रोमन लिपीत, कारण नागरी अक्षरांचे खिळे तेथे नव्हते. ते पाडून घ्यावेत म्हणून फादरांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे लिहिले होते. विनंती फळाला आली नाही. चारशे वर्षांपूर्वी एक परदेशी धर्मगुरू देवनागरी खिळ्यांसाठी रोमकडे पदर पसरत होता, एवढे ध्यानात ठेवा. ह्या लिपीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

त्याच गोव्यात पुढे १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने फर्मान काढले की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावे. तीन वर्षे गेली, तीन शतके उलटली, पोर्तुगीज सत्ताही गेली. कोकणी मात्र उरली. घराघरांतील आयांनी ते फर्मान मोडून काढले. व्हाइसरॉयला दंडुक्याच्या बळावर जे साधले नाही, ते आपण आज प्रवेशअर्जाच्या एका चौकोनात खूण करून साधत आहोत, आणि वर त्याची फी भरतो आहोत.

वसईत १७३९ साली मराठ्यांनी किल्ला जिंकला. विद्यालये ओस पडली, मठ ढासळले, पोर्तुगीज धर्मगुरू गेले. तरीही गावोगावचा ख्रिस्ती समाज टिकला. कशाच्या आधारावर? त्याच्याजवळ ग्रंथालये नव्हती. प्रार्थना होत्या, लग्नातील गाणी होती, आजीच्या तोंडच्या संतकथा होत्या आणि ते सारे सामवेदी, वाडवळी अशा आपल्या बोलींत होते. श्रद्धा भाषेच्या कुडात राहिली म्हणून पावसापाण्यातून वाचली.

विसाव्या शतकात धर्मग्रामांनी मराठी शाळा काढल्या त्या ह्या पार्श्वभूमीवर. आजही ज्यांना आपण 'आपली शाळा' म्हणतो, त्या ह्याच. तेथील कार्यक्रमांची आठवण करून देतो. सकाळी प्रार्थना, मग परिपाठ. शनिवारी पाठांतर. वक्तृत्व स्पर्धेसाठी गुरुजींनी लिहून दिलेली आणि आपण आरशासमोर घोकलेली भाषणे. नाताळात गोठ्याचा देखावा आणि मराठी नाटुकले, ज्यात मेंढपाळ हमखास आपल्याच बोलीत बोलायचे आणि पाहुण्यांना हसू आवरायचे नाही. स्नेहसंमेलनात लेझीम. हस्तलिखित मासिक, ज्यात पहिली कविता छापून नव्हे, तर स्वतःच्या अक्षरात लिहून 'प्रसिद्ध' व्हायची. बाकावर शेजारी आगरी, कोळी, भंडारी आणि आदिवासी मुले असायची. त्यांना आपला येशू आणि आपल्याला त्यांचा विठोबा परका वाटला नाही, कारण दोघांविषयी बोलण्याची भाषा एक होती.

ह्या शाळांनी काय दिले, ह्याचा हिशेब मागणाऱ्यांस एकच नाव सांगतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या संत जोसेफ शाळेत मराठीतून शिकले. त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले, 'सुबोध बायबल' लिहिले, हरित वसईच्या लढ्यात ते आघाडीवर उभे राहिले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तो मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने शोक केला. महाराष्ट्राने त्यांना आपले मानले, कारण ते महाराष्ट्राशी त्याच्या भाषेत बोलू शकत होते. असा दुसरा दिब्रिटो आता कोणत्या वर्गातून निघणार? तो वर्गच आपण बंद केला आहे.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे घेऊ. ते तीन प्रकारचे आहे आणि त्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

पहिले म्हणणे पालकांचे. 'इंग्रजीशिवाय पोराला नोकरी कोण देणार? तुम्ही लेख लिहा, आम्हांला संसार करायचा आहे.' हा सवाल आम्हांला चर्चच्या आवारात तोंडावर केला गेला आहे आणि तो करणाऱ्या भगिनीचा राग आम्हांला समजतो. वाडी विकली गेली, विहिरी खारावल्या, भाजीपाल्यावर घर चालेना. मुलाच्या हाती इंग्रजी द्यावी, असे तिला वाटले तर त्यात पाप काय? काहीच नाही. परंतु मराठी शाळेत गेल्याने इंग्रजी हुकते, ही समजूत जुन्या काळची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची सेमी इंग्रजीची सोय आहे. हा मार्ग त्या भगिनीला कोणी नीट समजावून सांगितला काय? आमच्या पाहण्यात तरी मे महिन्यात इंग्रजी विभागाचे फलक चौकाचौकांत लागतात आणि मराठी विभागाची एक साधी पत्रिकाही निघत नाही.

दुसरे म्हणणे दर्जाचे. मराठी शाळांत पूर्वीसारखे शिक्षण राहिले नाही. हे खरे आहे. पण ते आपोआप घडलेले नाही. एकाच आवारात दोन विभाग असले की नवे संगणक कोठे जातात? नवी प्रयोगशाळा कोणासाठी होते? रंगरंगोटी कोणत्या जिन्यापर्यंत येऊन थांबते? आम्ही एका शाळेत पाहिले, नाव घेत नाही. इंग्रजी विभागाच्या वर्गांत पडदे आणि फळ्याच्या जागी पांढरा स्क्रीन, तर मराठी विभागात पावसाळ्यात बादली ठेवावी लागत होती. मग पालकांनी मुले काढली आणि मग व्यवस्थापनाने सांगितले की, पालकांनाच मराठी नको आहे. आधी झाडाचे पाणी तोडायचे आणि मग फळ येत नाही म्हणून ते तोडायचे, असा हा न्याय आहे.

तिसरे म्हणणे व्यवस्थापनाचे आणि ते सर्वांत वजनदार आहे. विद्यार्थी घटले की संचमान्यतेत पदे कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, रिक्त जागा भरायला मंजुरी मिळत नाही, वेतनेतर अनुदानासाठी खेटे घालावे लागतात. शासन मराठीच्या नावाने गौरवदिन साजरे करते आणि मराठी शाळेची फाइल मात्र धूळ खात पडते. व्यवस्थापक फादरांची ही कोंडी आम्ही जाणतो. कित्येक फादर आणि सिस्टर ह्या ओढाताणीत शाळा तगवीत आहेत, त्यांना आमचा प्रणाम. पण इंग्रजी विभागाची फी ज्या जमिनीवर गोळा होते, ती जमीन कोणाची आहे? मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी चर्चला दिलेल्या जागांवर ह्या इमारती उभ्या आहेत. त्या उत्पन्नातला काही भाग मराठी विभागाच्या छपरावर खर्च झाला, तर तो उपकार ठरू नये, ती परतफेड ठरावी.

आणखी एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. त्या हक्कासाठी आपण न्यायालयात जातो, आणि जावेच. पण त्याच्या अगदी शेजारी अनुच्छेद २९ आहे. तो आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. पहिला हक्क आपण छातीठोकपणे मागतो आणि दुसरा न मागताच सोडून देतो. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांवर दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागांचे बंधन घातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ह्या सवलतीविषयी शंका उपस्थित केली. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. आपल्या सद्सद्विवेकाने काय ठरवले आहे? कायदा सक्ती करीत नाही, फी परवडत नाही, आणि मराठी विभाग बंद झाला, तर धर्मग्रामातील मोलकरणीचे, रिक्षावाल्याचे, पूर्वेच्या पाड्यावरील आदिवासीचे मूल आपल्या शाळेत शिरणार कोणत्या दारातून? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. कॅथलिक शाळांनी गरिबांची, निराधारांची आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांची विशेष काळजी घ्यावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. आपल्या माहितीपुस्तिकांत ह्या घोषणापत्राचे नाव असते. त्या मुलाचे नाव हजेरीपटावर कोठे असते?

आता लिपीकडे येतो. मध्यंतरी एका चर्चमध्ये आम्ही प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या मिस्सेला उपस्थित होतो. नटूनथटून आलेली एक चुणचुणीत मुलगी पहिले वाचन करायला उभी राहिली. उच्चार अडखळत होते, विरामचिन्हे हरवत होती. मिस्सा संपल्यावर आम्ही कौतुकाने तिच्या हातातला कागद पाहिला. यशयाचे वचन मराठीत होते, पण लिहिले होते रोमन अक्षरांत. तिला देवनागरी सराईतपणे वाचता येत नव्हती. तिची आजी शेजारी उभी होती. आजीला रोमन अक्षरे वाचता येत नव्हती. एका घरातील दोन जीव, एकच वचन, आणि एकमेकींचा कागद दोघींना वाचता येईना. स्टीफन्स फादरांजवळ नागरी खिळे नव्हते म्हणून त्यांना रोमन लिपी वापरावी लागली. आपल्याजवळ काय नाही?

विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला दार उघडून दिले आणि आपल्याकडे मिस्सा मराठीत आली. आपल्या भाषेत देवाशी बोलण्याचे हे सुख मागच्या पिढ्यांना नव्हते. ते सुख टिकायचे तर वाचणारा, गाणारा, उपदेश समजणारा भाविक हवा. मराठी शाळा बंद झाली की वीस वर्षांनी मराठी मिस्सेला कोण येणार? मराठीतून प्रवचन करणारा धर्मगुरू कोठून मिळणार? हे त्रैमासिक तरी कोण वाचणार?

दूरची कल्पना करण्याची गरज नाही. मुंबई-साष्टीकडे पाहा. तेथील मूळचे ख्रिस्ती आपलेच भाऊबंद. १८८७ साली त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले, इंग्रजी शिक्षणाची वाट धरली, नोकऱ्या मिळवल्या. त्यांच्या कर्तबगारीबद्दल आदरच आहे. पण आज तेथील कित्येक घरांत आजीची मराठी बोली लग्नातील गाण्यांपुरती आणि उंबराच्या पाण्याच्या विधीपुरती उरली आहे. ती वाचवण्यासाठी आता त्यांचीच तरुण मुले धडपडत आहेत. हरवल्यावर शोधण्याचे श्रम त्यांना विचारा. आपले अजून पुरते हरवलेले नाही.

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांला शोभणार नाही. म्हणून काही मागण्या मांडतो. धर्मग्रामसभा बोलावून आणि जमाखर्च समोर ठेवून चर्चा झाल्याशिवाय मराठीचा एकही वर्ग बंद होऊ नये. जेथे मराठी विभाग आहे तेथे सेमी इंग्रजी सुरू करून त्याची जाहिरात इंग्रजी विभागाइतक्याच हौसेने व्हावी. जेथे केवळ इंग्रजी शाळा उरली आहे तेथे मराठी हा विषय उत्तम शिक्षकाच्या हाती द्यावा. राज्याने २०२० साली कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, पण ओढूनताणून उरकलेला तास भाषा शिकवीत नाही. रविवारचे धर्मशिक्षण मराठीत आणि देवनागरीत व्हावे आणि वाचनाला उभ्या राहणाऱ्या मुलाच्या हाती रोमन अक्षरांचा कागद देऊ नये. फार तर दोन आठवडे आधी त्याला वाचन द्या आणि आजीपुढे बसवा.

शेवटची मागणी आमच्याकडूनच आमच्यापाशी आहे. हा लेख लिहिणारे आम्ही, 'मराठी वाचवा' म्हणून ठराव मांडणारे आम्ही, संमेलनात पहिल्या रांगेत बसणारे आम्ही. आमच्यापैकी बहुतेकांची मुले कोणत्या माध्यमात शिकली? आमच्याही घरी मराठी ग्रंथांचे कपाट आहे, आणि ते उघडणारा पुढचा हात नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. अर्ज आम्हीच भरला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि 'क्रिस्तपुराणा'चा अभिमानाने उल्लेख केला. पुढच्या जूनमध्ये नातवाला कोठे घातले, हे विचारू नका. हा दांभिकपणा आधी आमच्या दारातून निघाला पाहिजे, तरच व्यवस्थापनाच्या दारावर थाप मारण्याचा आम्हांला अधिकार पोहोचेल.

प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्रीची हकिकत आपण दर पवित्र आठवड्यात ऐकतो. पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात शेकत बसला होता. मी त्या माणसाला ओळखत नाही, असे तो पुनःपुन्हा सांगत होता. लोकांचा विश्वास बसला नाही, कारण त्याची गालीली बोली लपत नव्हती. बोलीने त्याला उघडे पाडले आणि कोंबडा आरवल्यावर तो बाहेर जाऊन रडला. पेत्राला परतण्याची वाट सापडली. आपली लेकरे कोठली, कोणाची, हे उद्या त्यांच्या बोलीवरून कोणाला ओळखता येणार नाही, असा दिवस आपण आणणार आहोत काय? येत्या जूनमध्ये प्रवेशअर्ज हाती येईल तेव्हा प्रत्येक घराने ह्याचे उत्तर द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.